मूठभर धान्याचा हिशेब

रमजानमध्ये ऊन कलू लागले की रहाटणी, काळेवाडी, पिंपरीच्या रस्त्यांवर खजूर, कलिंगड आणि गरम भज्यांच्या गाड्यांभोवती गर्दी होते. पहिली पाळी करून परतलेला कामगार हातातली पिशवी सांभाळत घाईने घर गाठतो. दिवसभराची भूक असते, पण तिला वेळापत्रक असते. मगरिबची अजान झाली की ती संपणार हे ठाऊक असते. रोजा माणसाला भुकेची ओळख करून देतो म्हणतात, ते खरेच आहे. पण जिच्या शेवटी अजान नसते ती भूक वेगळी.

तशी भूक पाहिलेली आणि पुढे दानाचा मोठा पैसा हातून जात असतानाही ती न विसरलेली एक बाई याच पुणे जिल्ह्यात होऊन गेली. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने यवत, खुटबाव मागे टाकले की केडगाव स्टेशन येते. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आजही आहे. रमाबाई संस्कृतच्या मोठ्या विदुषी होत्या, त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यावरून पुण्यात वादळ उठले, एवढे बहुतेकांना माहीत असते. पैशाशी त्यांचे नाते कसे होते, याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. वास्तविक त्यांच्या आयुष्यातली निम्मी झुंज त्याच प्रश्नाशी होती. दुसऱ्याचे दान घ्यायचे, त्याचे उपकार मनापासून मानायचे, पण आपली मान त्याच्या हातात द्यायची नाही, हे जमवायचे कसे?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे गाढे पंडित. बायकांनाही संस्कृत शिकवावे असे त्यांचे मत होते आणि त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, ते शिकवलेही. लोकांचा रोष पत्करून रानात आश्रम थाटला. तिथे विद्यार्थी राहत, यात्रेकरू येत, आणि कोणीही आले तरी पान मांडलेले असे. या आतिथ्यापायी शास्त्रीबुवांना कर्ज झाले. कर्ज फेडायला जमीनजुमला गेला. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडले. वेताच्या पेटीत घालून, माणसाच्या डोक्यावरून या मुलीचा प्रवास सुरू झाला आणि पुढे कित्येक वर्षे तो थांबला नाही.

गावोगावच्या देवळांत आणि नदीकाठच्या घाटांवर हे कुटुंब पुराण सांगे. ऐकणारे पैसा, धान्य, वस्त्र ठेवून जात. पोटापुरते ठेवून उरलेले दानधर्मात जाई. रमाबाईंनी आपल्या आठवणींत या दानाबद्दल फार स्पष्ट लिहिले आहे. शास्त्रात सांगितलेले दान केले की पाप जाईल, देव प्रसन्न होईल, संपत्ती मिळेल, या भरवशावर आईवडील देत राहिले. देणे थांबले नाही आणि मिळायचे ते मिळाले नाही. मग १८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. वडील थकलेले, डोळे गेलेले. पुराण ऐकायला कोण येणार? दागिने गेले, तांब्यापितळेची भांडी गेली, शेवटचा तांदूळ संपला. मोलमजुरी करायची तर सवय नाही आणि पंडिताच्या घराला ती शोभत नाही. भीक मागायची तर जीभ रेटत नाही. पाणी आणि झाडपाल्यावर दिवस काढत हे कुटुंब तिरुपतीजवळच्या रानात पोचले. तिथे वडिलांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले. मुलाने, श्रीनिवासाने, हमालीसुद्धा करीन म्हणून त्यांना थांबवले, पण फार दिवस ते राहिले नाहीत. काही आठवड्यांत आई गेली, पुढे थोरली बहीणही गेली.

आईच्या वेळची हकीकत वाचणाऱ्याला अस्वस्थ करते. प्रेत उचलायला माणसे नव्हती. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले. तिसरा खांदा भावाचा आणि चौथा रमाबाईंचा. स्मशान तीन मैलांवर होते. रमाबाई ठेंगण्या असल्यामुळे त्यांचा खांदा पुरेना, म्हणून त्यांनी तिरडीची आपली बाजू डोक्यावर घेतली.

राहिली ती बहीणभाऊ. दोघांनी मिळून हिंदुस्थानभर पायपीट केली. अंगावर पुरेसे पांघरूण नसायचे. झेलमच्या काठी थंडीत वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या आहेत. पाण्यात भिजवलेले मूठभर धान्य आणि चिमूटभर मीठ मिळाले तर तो दिवस चांगला. त्याच काळात अठरा हजार श्लोकांचे भागवत या मुलीच्या तोंडी होते.

१८७८ मध्ये दोघे कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. मग घटना भराभर घडल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न झाले. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. तेविसाव्या वर्षी, कडेवर मूल घेऊन त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडचे बोटभाडे उभे केले. कोणाच्या पदराला हात लावून गेल्या नाहीत, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

इंग्लंडमध्ये वाँटेज गावच्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात त्यांची सोय झाली. तिथेही ठरले ते देवघेवीचे. जोगिणींनी इंग्रजी शिकवायचे, रमाबाईंनी हिंदुस्थानात कामाला जाणाऱ्या जोगिणींना मराठी शिकवायचे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात संताप उसळला. पैशासाठी धर्म विकला, असेही म्हटले गेले. महात्मा फुल्यांसारखे मोजके लोक त्यांच्या बाजूने जाहीरपणे उभे राहिले.

धर्म विकला म्हणणाऱ्यांनी वाँटेजचा पुढचा पत्रव्यवहार पाहिला असता तर बरे झाले असते. तो आता छापलेला आहे. ज्यांच्या घरी राहायचे, ज्यांचे अन्न खायचे, त्यांच्याशीच रमाबाईंची खडाजंगी चालली होती. त्या शाकाहार सोडेनात. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, आपल्या लोकांना समजणारी संस्कृत का नाहीत, असे त्यांनी विचारले. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवू लागल्या. मुलग्यांनाही शिकवण्याचा विषय निघाला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. एका बाईने पुरुषांना शिकवले तर तिच्या देशात तिची किंमत राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंनी स्पष्ट कळवले की त्यांनी आपल्या देशात पुरुषांपुढे उघड व्याख्याने दिली आहेत आणि त्यांच्याविषयीचा निर्णय त्यांना न विचारता कोणी घ्यायचा नाही. त्यांना धर्ममाता म्हणून सांभाळणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांना ही कृतघ्नता वाटली. रमाबाईंच्या पत्रांत प्रेम आहे, आभार आहेत, पण हार नाही.

इथे जरा थांबायला हवे. कृतज्ञता आणि आज्ञाधारकपणा यांत आपल्याकडेही गल्लत होते. शिष्यवृत्ती दिलेल्या मुलाने, नोकरी लावून दिलेल्या भाच्याने जन्मभर मान खाली घालूनच राहावे, अशी अपेक्षा असते. दान देऊन ते बोलून दाखवणाऱ्याचे दान वाया जाते, अशी कुरआनची ताकीद आहे. तरी शिधावाटपाच्या वेळी घेणाऱ्याच्या हातात पिशवी आणि देणाऱ्याची नजर कॅमेऱ्याकडे, ही छायाचित्रे रमजानमध्येही दिसतात आणि निवडणुकीच्या आधीही.

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या, त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. आनंदीबाई नात्यातल्या. ११ मार्चला समारंभ झाला आणि रमाबाई परत फिरण्याऐवजी दोन वर्षांहून अधिक काळ तिथेच हिंडत राहिल्या. ‘हाय कास्ट हिंदू वुमन’ हे त्यांचे पुस्तक १८८७ मध्ये निघाले आणि त्याच्या हजारो प्रती खपल्या. व्याख्याने झाली, मंडळे स्थापन झाली. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ उभी राहिली. विधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत देऊ असे तिने कबूल केले. अट एकच होती, शाळेत कोणत्याही धर्माची सक्ती नको. संस्थेचे वार्षिक अहवाल निघत, त्यांत जमाखर्च छापलेला असे.

११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी ही बालविधवा होती. पुढे ती धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली, तो विवाहही ११ मार्चचाच, १८९३ चा. १८९० मध्ये सदन पुण्यात आले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळात होते. मुलींचे सोवळेओवळे, स्वयंपाक, पूजा यांत ढवळाढवळ नव्हती. रमाबाई मात्र रोज आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करीत आणि खोलीचे दार लावून घेत नसत. काही मुली आत येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेतले असते तर कदाचित हे टळले असते. लपून प्रार्थना करणे त्यांना मान्य नव्हते. रानडे-भांडारकरांचीही बाजू होती. पालकांनी मुली त्यांच्या शब्दावर पाठवल्या होत्या आणि दिलेला शब्द सांभाळणे ही त्यांचीही अमानत होती.

दहा वर्षांच्या कबुलीची मुदत संपल्यावर काय, हा विचार रमाबाईंनी लवकरच सुरू केला. बोस्टनचा पैसा कायमचा नाही हे त्यांनी गृहीत धरले होते. म्हणून केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली आणि फळबाग लावली. फळे विकून शाळा चालावी, असा बेत होता.

पण तेवढ्यात १८९६-९७चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात लोक मरत असल्याच्या बातम्या पुण्यात आल्या. रमाबाईंकडे होता तो पैसा ठरावीक मुलींसाठी आलेला. व्यवहारी माणसाने हळहळ व्यक्त करून गप्प बसावे अशीच स्थिती. पण दुष्काळात बेवारस झालेल्या मुलींचे काय होते, दलाल त्यांना कुठे नेतात, हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगायला नको होते. स्वतःचे ते दिवस त्यांना आठवले आणि त्या मध्य प्रांतात गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या सुमारे तीनशे मुली आणि बायका त्यांनी आणल्या. त्या वेळी पुण्यात प्लेग सुरू होता. नव्या मुली शहरात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. मग फळबागेच्या जमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. मुक्तीची सुरुवात अशी झाली.

त्याच वर्षीची एक गोष्ट सांगायलाच हवी. प्लेगच्या बंदोबस्तात सरकारी इस्पितळात बायकांची जी विटंबना चालली होती, तिच्याविरुद्ध रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहिले. त्याचा बोभाटा विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेला. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी त्यांचे म्हणणे खोडून काढायचा प्रयत्न केला. ख्रिस्ती बाई, गोऱ्यांच्या पैशावर शाळा चालवणारी, तिने गोऱ्या सरकारवर तोंड टाकावे हे अनेकांना अनपेक्षित होते. वाँटेजचा पत्रव्यवहार माहीत असलेल्याला त्यात आश्चर्य वाटणार नाही.

१८९८ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या, तिथल्या संस्थेची नव्याने बांधणी झाली. मात्र आता रमाबाईंच्या मनात पैशाचा विचार बदललेला होता. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांचे चरित्र त्यांनी वाचले होते. प्रशियात जन्मलेला हा पाद्री पगार घेत नसे आणि पैशासाठी माणसाकडे हात पसरत नसे. त्याने देवाकडे मागत हजारो अनाथ मुले सांभाळली आणि आलेल्या पैशाचा हिशेब छापला. रमाबाईंनी हाच मार्ग धरला. मुक्तीची गरज देवापुढे मांडायची, ज्याला द्यावेसे वाटेल तो देईल.

उर्दूत याला तवक्कुल म्हणतात, अल्लाहवर सोपवणे. त्याबरोबर एक सावधगिरीही सांगितलेली आहे, आधी उंट बांधून ठेवायचा, मग भरवसा ठेवायचा. रमाबाईंचा उंट नेहमी बांधलेला असे. प्रार्थना करून हात जोडून बसणे केडगावला नव्हतेच. शेती होती, विहिरी खणल्या जात, गाईगुरे होती. तेलाचा घाणा, हातमाग, शिवण, छापखाना, सगळे बायकांच्या हाती. आंधळ्या मुलींना मनोरमेने ब्रेल शिकवली, त्याही विणकाम करू लागल्या. १९००च्या गुजरातच्या दुष्काळात आणखी शेकड्यांनी मुली आल्या आणि मुक्तीतली वस्ती दीड हजारांच्या वर गेली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन वेगळे. एवढ्या तोंडांना दोन वेळा घालायचे म्हणजे रोजचे पीठ, रोजचे सरपण, रोजचे पाणी. रमाबाई स्वतः साध्या पांढऱ्या वस्त्रात, त्याच आवारात, तेच शाकाहारी जेवण घेत राहिल्या.

इंजीलमध्ये एका विधवेची गोष्ट आहे. मंदिराच्या पेटीत श्रीमंत लोक मोठमोठ्या रकमा टाकत असतात आणि ती दोन दमड्या टाकते. हजरत ईसा तिचे दान सगळ्यांहून मोठे ठरवतात, कारण बाकीच्यांनी उरलेल्यातून दिले आणि तिने होते ते सगळे दिले. ख्रिस्ती लोकांत पैशाविषयी बोलताना ही गोष्ट हमखास निघते. रमाबाईंच्या आईवडिलांनीही होते ते सगळे दिले होते. फरक कुठे पडला? रमाबाईंच्या समजुतीप्रमाणे तो देण्याच्या हेतूत होता. पुढे काही मिळावे म्हणून दिलेले दान ही एक प्रकारची उधारी असते. देव परत देत नाही म्हटल्यावर ती उधारी बुडते आणि माणूस खचतो. जे आधीच मिळाले आहे, जीव वाचला, अन्न मिळाले, कोणी परक्याने दार उघडले, त्याबद्दल दिलेल्या दानात बुडायचे काही नसते. शुक्र या शब्दाचा अर्थ याच्या फार जवळ आहे. अर्थात अनंतशास्त्र्यांच्या दानात केवळ हिशेबच होता असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय होईल. गंगामूळच्या रानात रोज मांडलेली ती पाने फळाच्या आशेने मांडलेली वाटत नाहीत. मुलीने केडगावला दीड हजार पाने मांडली, त्यात बापाचा वाटा होताच.

मुक्तीबद्दल एक प्रश्न मात्र उरतो आणि तो टाळून चालणार नाही. उपकाराच्या मोबदल्यात आपली श्रद्धा कोणाच्या हाती देणार नाही, असे म्हणणाऱ्या बाईच्या छायेत दुष्काळातून आलेल्या अनाथ मुली वाढल्या. त्यांना रोज बायबलचे पाठ होते, प्रार्थना होती आणि बहुतेकींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. जिने मरणाच्या दारातून आणले तिच्या धर्माला नाही म्हणण्याइतके बळ त्या पोरींत कुठून येणार? वाँटेजच्या जोगिणींसमोर उभ्या राहिलेल्या रमाबाईंकडे संस्कृतचे पांडित्य होते, नाव होते. या मुलींकडे काही नव्हते. टीकाकारांनी हा प्रश्न त्वेषाने विचारला आणि भक्तांनी तो उडवून लावला. दोन्हींपेक्षा तो अवघड आहे. एवढे खरे की त्या मुलींना रमाबाईंनी निव्वळ पोसले नाही, प्रत्येकीच्या हाताला काम शिकवले. आपल्या आईवडिलांना जे येत नव्हते म्हणून ते भुकेने गेले, ते या मुलींना आले पाहिजे हा त्यांचा हट्ट होता.

१९१९ मध्ये सरकारने ‘कैसर-ए-हिंद’ पदक दिले. तोवर रमाबाईंचे कान पार गेले होते आणि बहुतेक वेळ टेबलाशी जात होता. बायबलचे चालू मराठी भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या बाईला ते कळत नाही, असे त्यांना वाटे. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळे बायबल साध्या मराठीत आणायला बसल्या. अठरा हजार श्लोक मुखोद्गत असणारी ही पंडिता उतारवयात अवघड शब्द खोडून सोपे शब्द शोधत होती.

सगळा कारभार पुढे मनोरमेने पाहायचा असे ठरलेले होते. ती २४ जुलै १९२१ रोजी गेली. चाळीस वर्षांची होती. आईने, बापाने, भावंडांनी आणि नवऱ्याने आधीच सोडलेल्या रमाबाईंना आता रक्ताचे कोणी उरले नाही. त्या भाषांतराची मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांचे देहावसान झाले.

मागे स्वतःची म्हणावी अशी मालमत्ता नव्हती. छापखान्यात मात्र काम चालू होते. खिळे जुळवणाऱ्या, कागदांच्या घड्या घालणाऱ्या, पाने शिवणाऱ्या बायकांमध्ये दुष्काळाच्या वर्षी सापळा होऊन आलेल्या मुलीही होत्या. १९२४ मध्ये तो ग्रंथ त्यांनी बांधून पुरा केला.